तिसरे दिवशी

रुमाल सोडला की आधी शिंक येते,
मग वाळवीची भुकटी,
मग सटवोजी.

सटवोजी बिन हैबतजी, शिवेच्या भांडणातला.
म्हणे खुणेचा धोंडा यानंच रातोरात सरकवला.
गोतानं ठरवलं, दिव्य करावे.
कारकुनाचं मोडी झकास,
बोरू कुठंही अडखळलेला नाही:

तेल सव्वा शेर. तूप पाव शेर.
कढई एक, भाड्याने, रुके सहा.
सरपण बाभळीचे.
साबण.

साबण कशाला?
तर आदल्या दिवशी त्याचा उजवा हात धुतला,
नखं काढली,
आणि हातावर आधीचं काय काय आहे ते टिपून घेतलं.
अंगठ्यास विळ्याचा वण एक.
तळव्यास घट्टे चार.
करंगळीस काही नाही.
इतकं निरखून त्याच्या हाताकडं
त्याच्या बायकोनंही कधी पाहिलं नसेल.

उकळत्या तेलातून रवा काढविला.
हातावर पिशवी, पिशवीवर लाख, लाखेवर शिक्का.
तिसरे दिवशी सर्वांसमक्ष पिशवी सोडिली तो

तो,
आणि पुढं भोक.
वाळवीनं नेमका निकाल खाल्लाय.

भिंग लावून भोकाच्या कडा वाचल्या.
कागद उजेडाला धरला, मागून, पुढून.
शेजारचे दोन रुमाल उपसले. डबा तसाच राहिला.
संध्याकाळी पंचगंगेच्या पुलावर
उसाच्या ट्रॉलीमागं गाडी अडकली तेव्हा कळलं,
मी खरं-खोटं शोधत नव्हतो.
फोड शोधत होतो.

रात्री गल्लीच्या ग्रुपवर एक फोटो.
पोरगं पकडलंय, विशीचं,
खालचा ओठ टरारलेला.
खाली धडाधड:
चौरंग करा.
बिंदू चौकात करा, सगळ्यांना दिसंल.
पन्हाळ्यावरनं ढकला, नाद खुळा.
रिटायर मास्तर पिसाळ लिहितात,
पूर्वीचं तेच बरं होतं.
मी पूर्वीचं वाचून पगार घेतो.
मी काही लिहिलं नाही.
नुसता अंगठा दिला.

रविवारी यल्लाप्पा कुरणेकडं गेलो. चपला टाकल्या होत्या.
त्याच्याकडं कधीमधी दुसरंही गिऱ्हाईक येतं,
साध्या कपड्यातलं, चपला न बघणारं.
पट्टा पाहिजे असतो. दीड हात, दुपदरी, मूठ शिवलेली.
‘साहेबांनी सांगितलंय’, एवढंच माप.
पहिल्या पट्ट्याला त्यानं सवयीनं
लाल गोंडा लावला होता.
परत आला. गोंडा काढ म्हणाले.

“कातडं कुठलं वापरतोस?”
“पाठीचं. चपलेला तेच, पट्ट्याला तेच.
तळव्यावर हाणत्यात म्हणं.
म्हंजे शेवटाला पायातच जातंय की, सायेब.”
आणि पावती?
यल्लाप्पा हसला, दोरा दातानं तोडत.
“त्याची कोण फाडतंय?”

मला एकदम सव्वा शेर तेल आठवलं.
त्या कारकुनानं खाली नाव घातलंय.
कढईवाल्याचंसुद्धा नाव आहे.
हे बरं होतं असं मी म्हणत नाही.
मास्तर म्हणतात. मी फक्त
कागदावर काय आहे ते सांगतो,
चौतीस वर्षं हेच काम केलंय,
आणि ह्या वाक्याचा मला पहिल्यांदा
घाम फुटला.

नवी जोडी त्यानं पुढ्यात टाकली. करकरली.
मी अंगठ्यात अंगठा घातला.
वण नाही. घट्टा नाही. नख वाढलेलं.

“तेल पाजा,” यल्लाप्पा म्हणाला,
“सुरवातीला चावंल.
तिसऱ्या दिवशी बघा.
फोड आला तर घेऊन या.”

पैसे मोजले.
माझी मात्र पावती त्यानं फाडली,
नाव विचारून,
खाली निळा कार्बन घालून.